हफ्तारा म्हणजे अर्धी तोरा नव्हे



गेल्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर अश्दोदहून एका आजींचा फोन आला. नातवाची बार मिट्झ्वा ठरली आहे. मुलगा रोज संध्याकाळी कानाला फोन लावून काहीतरी घोकत बसतो आणि घरातले सगळे म्हणतात, "त्याची हफ्तारा चालली आहे." आजींनी विचारलं, "बाई, ही हफ्तारा म्हणजे हाफ तोरा का? पोर लहान म्हणून त्याला अर्धीच देतात का?"

हसू नका. हा समज फक्त आपल्याकडे नाही, अमेरिकेतल्या यहुद्यांमध्येही आहे. अश्केनाझी लोक या शब्दाचा उच्चार 'हफ्तोरा' असा करतात. इंग्रजी कानाला त्यात 'हाफ' आणि 'तोरा' दोन्ही ऐकू येतात, आणि ते वाचन तोराच्या परशापेक्षा बहुतेक वेळा लहानही असतं. मग अर्धी तोरा म्हणायला काय हरकत? पण शब्दाचा तोराशी काहीही संबंध नाही. आज याच शब्दाबद्दल बोलते. तो काय सांगतो, कुठून आला, आणि आपल्या घरात त्याचं काय करता येईल.

आधी अक्षरं पाहू. आपल्या देवनागरीत 'त' एकच, म्हणून घोटाळा होतो. हिब्रूत 'त' दोन आहेत, ताव आणि तेत. 'तोरा' हा शब्द तावने सुरू होतो आणि त्याचा धातू शिकवणे, वाट दाखवणे असा आहे. 'हफ्तारा'मध्ये तेत आहे. तिचा धातू पे, तेत, रेश या तीन अक्षरांचा. घरातल्या नातवंडाला विचारा, ते कागदावर दोन्ही शब्द लिहून दाखवील आणि त्याला कळणारही नाही की आजीला यात एवढं नवल का वाटतंय.

आता गंमत अशी, की या तीन अक्षरांशी इस्राएलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाची गाठ रोज पडते. कारखान्यातून कोणाला काढलं की आपण म्हणतो 'पितुरिम' आले. त्यानंतर हिशेबाने जे पैसे मिळतात ते 'पित्सुयेय पितुरिम'. घरी शिवणकाम किंवा डबे करणाऱ्या आपल्या कितीतरी बायकांची करखात्यात 'ओसेक पातूर' म्हणून नोंद असते, म्हणजे मूल्यवर्धित करातून सुटलेला छोटा व्यावसायिक. सैन्यातून सूट मिळाली तर ती 'प्तोर'. आणि कोणी वारलं की भिंतीवर काळ्या चौकटीतला कागद लागतो त्यात 'निफ्तार' किंवा 'निफ्तेरा' असतं. नोकरीतून मोकळं करणं, करातून सोडणं, जगाचा निरोप घेणं, ही सगळी एकाच घरातली भावंडं. हफ्तारा ही त्यांचीच बहीण.

धातूचा जुना अर्थ उघडणे, वाट मोकळी करणे असा दिसतो. तोरात आईची कूस पहिल्यांदा उघडणाऱ्या मुलाला 'पेतेर रेहेम' म्हटलं आहे. ज्या घरात पिद्योन हाबेन झाली असेल त्यांनी हा शब्द ऐकलेला आहे. उघडण्यापासून मोकळं करण्याकडे, मोकळं करण्यापासून निरोपाकडे, आणि निरोपापासून समाप्तीकडे असा हा शब्द चालत आला. तेव्हा हफ्तारा म्हणजे समाप्तीचं वाचन, निरोपाचं वाचन. आपल्या मराठीत 'सांगता' म्हणतात तो शब्द मला त्याला सगळ्यात जवळचा वाटतो. जुन्या अरामी लिखाणात याच वाचनाला 'अश्लमता' असं नाव आहे, आणि त्याचा अर्थही पूर्ण करणे हाच. म्हणजे दोन भाषांनी दोन वेगळे धातू घेतले आणि एकच गोष्ट सांगितली.

पण निरोप हा नुसता शेवट नसतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण दारातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कोणी चुकून 'जातो' म्हणालं तर आई लगेच टोकायची, "येतो म्हण!" तलमूदमध्ये, बेराखोत या ग्रंथात, अगदी असाच नियम आहे आणि तो याच तीन अक्षरांच्या क्रियापदात सांगितला आहे. मित्राचा निरोप घेताना त्याला 'शांतीत जा' म्हणू नये, 'शांतीकडे जा' म्हणावं. पहिलं वाक्य मृताचा निरोप घेतानाचं. जिवंत माणसाला अजून वाट चालायची असते. दाखलाही दिला आहे: इथ्रोने मोशेला बरोबर शब्द वापरून निरोप दिला आणि मोशे मोठा झाला, दाविदाने अबशालोमला चुकीच्या शब्दात निरोप दिला आणि तो पुढे झाडाला लटकून मेला. हिब्रूत फरक एका अक्षराचा आहे, लामेद की बेत. मराठीतही 'येतो' आणि 'जातो'. त्याच ग्रंथात आणखी एक सांगणं आहे: मित्राला सोडून जाताना काहीतरी शिकण्यासारखं बोलून मगच निघावं, म्हणजे त्या शब्दामुळे तो आपली आठवण ठेवील. हफ्तारा ही मला अशीच वाटते. तोरा वाचून झाली, सेफेर गुंडाळलं, आणि लोक उठण्याआधी दारातला एक शब्द.

हा धातू आपण वर्षातून एकदा मोठ्याने वाचतोही. पेसाहच्या हग्गादामध्ये शहाणा मुलगा प्रश्न विचारतो, त्याच्या उत्तरात 'मफ्तिरीन' हा शब्द येतो. पेसाहच्या जेवणाची सांगता अफिकोमानने करू नये असा तो नियम. आपल्या लोकांसाठी हिब्रूबरोबर मराठी अर्थ दिलेली हग्गादा मुंबईत १८४६ साली छापली गेली, म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्या ओळीचा मराठी अर्थ आपल्या घरांत वाचला जातो. तोच शब्द सिनेगॉगमध्ये 'मफ्तिर' होऊन उभा राहतो. मफ्तिर म्हणजे सांगता करणारा.

आता वाचन असतं कसं ते थोडक्यात. शब्बाथच्या सकाळी तोराचा परशा सात जणांना बोलावून वाचतात. त्यानंतर मफ्तिर येतो. तो आधी तोरातल्याच शेवटच्या काही ओळी पुन्हा वाचतो, कारण तोराला बाजूला सारून एकदम नबींकडे गेलं तर तोराचा मान राहत नाही. मग सेफेर गुंडाळतात, आणि मगच तो हफ्तारा म्हणतो. हफ्तारा नेहमी नेविईममधून घेतात, म्हणजे यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे, आणि पुढे यशया, यिर्मया, यहेज्केल आणि बारा छोटे नबी. चालही वेगळी असते. प्रार्थना इथे संपत नाही, मुसाफ बाकी असतो. संपतं ते वाचन.

तोरा आपण ओळीने वाचतो, एक शब्द न सोडता, बेरेशीथपासून शेवटपर्यंत. हफ्तारा तशी नाही. ती वेचलेली आहे. कोणीतरी, कधीतरी, विचार करून ठरवलं की या परशाला हा उतारा शोभेल. नोहाच्या परशाला यशयाचा ५४वा अध्याय, कारण तिथे देव नोहाच्या पुराची आठवण काढून शपथ घेतो. समुद्र दुभंगतो त्या परशाला देबोराचं गाणं, कारण इकडे मोशेचं आणि मिर्यामचं गाणं, तर तिकडे एका बाईचं विजयगीत. काही वेळा दुवा परशाशी नसतो, दिवसाशी असतो. शब्बाथच्या दुसऱ्या दिवशी रोश होदेश आला तर शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातला २०वा अध्याय वाचतात, कारण त्यात योनाथान दाविदाला उद्या नवचंद्र आहे असं सांगतो. निमित्त एवढंसं, पण वाचायला मिळते दोन मित्रांच्या ताटातुटीची गोष्ट. आणि शेवटी योनाथान दाविदाला निरोप देतो तो 'शांतीकडे जा' असाच. बेराखोतच्या नियमाप्रमाणे बरोबर!

तिशा बेआवच्या आधीचे तीन शब्बाथ धमकीचे उतारे वाचतात. त्यानंतरचे सात शब्बाथ ओळीने सांत्वनाचे, सगळे यशयातून. आपण ज्याला बिरड्याचा सण म्हणतो तो झाला, की सात आठवडे देव समजूत काढतो. रडवलं तीन आठवडे आणि समजूत काढली सात. हे प्रमाण ज्यांनी ठरवलं त्यांना माणसं ठाऊक होती.

हे सुरू कधी झालं? घराघरात एक गोष्ट सांगतात. ग्रीक राजा अंतियोखने इ.स.पू. १६७च्या सुमारास तोरा वाचायला बंदी केली. मग आपल्या लोकांनी युक्ती केली. तोरा नाही तर नाही, नबींचं पुस्तक वाचायचं, परशाशी जुळणारा भाग काढून. सात जणांच्या प्रत्येकी तीन ओळी, म्हणून एकवीस ओळी. बंदी उठली तरी ती सवय राहिली. गोष्ट सुंदर आहे आणि हनुक्काच्या दिवसांत मुलांना सांगायला फार सोयीची. पण ती लिहिलेली सापडते ती चौदाव्या शतकात, सेव्हिलच्या दावीद अबूदरहामच्या ग्रंथात, म्हणजे अंतियोखनंतर जवळजवळ पंधराशे वर्षांनी. अबूदरहाम बंदीचं सांगतो. अंतियोखचं नाव जोडलं एलियाहू लेव्हिताने, सोळाव्या शतकात, आपल्या 'तिश्बी' या कोशात.

मला ही गोष्ट पटत नाही, आणि कारण त्या शब्दातच आहे. हफ्तारा म्हणजे सांगता. तोराचं वाचनच नव्हतं, तर सांगता कशाची? बदली म्हणून आलेल्या गोष्टीला कोणी समाप्ती म्हणत नाही. शिवाय जो राजा तोराच्या गुंडाळ्या जाळत होता, तो यशयाची गुंडाळी समोर पाहून 'हे चालेल' म्हणणार होता का? शिपायाला दोन्ही सारखीच.

दुसरं मत असं, की शोमरोनी लोक फक्त मोशेची पाच पुस्तकं मानत होते, नबींना मानत नव्हते. त्यांच्यापासून वेगळेपणा दाखवायला आपल्या लोकांनी दर शब्बाथला नबी वाचायला घेतले. हाही अंदाजच, पण निदान शब्दाला धक्का लावत नाही. मला स्वतःला साधं उत्तर जवळचं वाटतं: लोक जमले, तोरा ऐकली, आणि त्यांना घरी पाठवताना नबीचा एक दिलाशाचा उतारा ऐकवायची पद्धत पडली. निरोपाच्या शब्दाला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

पुरावा म्हणाल तर पहिल्या शतकातला आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात आहे. लूकच्या पुस्तकात नासरेथच्या सिनेगॉगमध्ये येशू उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात यशयाची गुंडाळी देतात. प्रेषितांच्या पुस्तकात पौल एका शब्बाथला सिनेगॉगमध्ये बसला आहे आणि तोरा व नबी वाचून झाल्यावर त्याला बोलायला सांगतात. लिहिणाऱ्यांचा हेतू वेगळा होता, पण त्या काळी तोरानंतर नबी वाचत हे त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. मुद्दाम दिलेल्या साक्षीपेक्षा असं जाता जाता सांगितलेलं मला जास्त खरं वाटतं. पुढे सुमारे इ.स. २००च्या मिश्नामध्ये, मेगिल्ला ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात, हफ्तारा कधी म्हणायची आणि कधी नाही याचे नियमच मिळतात. म्हणजे तोवर ती रुळलेली होती. वाददेखील आहेत. यहेज्केलने पाहिलेल्या रथाचा अध्याय हफ्तारा म्हणून वाचू नये असं मिश्ना सांगते, आणि राबी यहूदा म्हणतात, वाचावा. आज शावुओतला तोच वाचतात. राबी यहूदा जिंकले.

आणि आता ज्यासाठी मी एवढं सगळं सांगितलं ते. त्याच अध्यायात भाषांतर करणाऱ्याचे नियम आहेत. त्या काळी सामान्य माणसाची घरची भाषा अरामी झाली होती, हिब्रू सगळ्यांना कळत नव्हती. म्हणून वाचणाऱ्याच्या शेजारी एक माणूस उभा राही, त्याला 'मेतुर्गेमान' म्हणत. तोरा वाचताना एक ओळ हिब्रूत, लगेच ती अरामीत. एका वेळी एकच, म्हणजे चूक होऊ नये. नबींना मात्र सूट दिली आहे. एका वेळी तीन ओळी वाचाव्या आणि मग त्यांचा अर्थ सांगावा. तोरा वाचताना मधला मजकूर गाळायचा नाही, नबी वाचताना गाळता येतो. पण किती गाळायचा? तर भाषांतर करणारा थांबून राहणार नाही एवढाच. म्हणजे मापाची काठी त्या भाषांतर करणाऱ्याच्या हातात आहे.

याहून पुढची गोष्ट तलमूदमध्ये आहे. हफ्तारा एकवीस ओळींपेक्षा कमी नसावी असा नियम, सात जणांच्या हिशेबाने. त्याला दोन अपवाद. विषय आधीच पुरा झाला तर तिथेच थांबावं. आणि जिथे भाषांतर करणारा उभा आहे तिथे एकवीसचा आग्रह नाही. राबी योहानानच्या पुढे वाचताना दहा ओळी झाल्या की ते 'पुरे' म्हणत. मला हे वाचून फार बरं वाटलं. ओळी कमी केल्या तरी चालतील, पण त्यांचा अर्थ लोकांच्या कानात पडला पाहिजे, असं आपल्या जुन्या लोकांनी ठरवलं होतं. येमेनी यहुद्यांनी ही पद्धत अजून सोडलेली नाही. त्यांच्या सिनेगॉगमध्ये अरामी तर्गूम अजून ऐकू येतं, आणि ते म्हणायला बहुतेक वेळा लहान मुलगा उभा असतो.

लहान मुलावरून आजींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पोर लहान म्हणून अर्धी देतात का? अर्धी नाही, पण लहानाला हफ्तारा देणं मात्र जुनं आहे. मफ्तिर मुलगा लहान असेल तर पुढची प्रार्थना त्याच्या बापाने किंवा गुरूने चालवावी, असं मिश्नामध्येच लिहिलं आहे. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीही हफ्तारा म्हणणारी पोरं होती. बार मिट्झ्वाचा आजचा समारंभ पुष्कळ नंतरचा. तेव्हा कोणी म्हणालं की मुलाला दुय्यम काम दिलंय, तर त्यांना हे सांगा.

आता आपल्याबद्दल. कोकणात आपले पूर्वज शेकडो वर्षं शनिवार पाळत राहिले, सुंता केली, शेमा म्हटला, तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवले म्हणून 'शनवार तेली' म्हणवून घेतलं. पण पुस्तकं नव्हती. तोराचं वाचन, परशा, हफ्तारा हे सगळं आपल्याकडे उशिरा आलं, अठराव्या शतकात, कोचीनच्या शिक्षकांबरोबर. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग समाजी हसाजी दिवेकरांनी, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकरांनी, १७९६ साली बांधलं. त्याआधी कोकणातल्या आजीने हफ्तारा हा शब्द ऐकला असेल असं मला वाटत नाही.

पण हफ्तारामधला एक माणूस तिला चांगला ठाऊक होता. एलियाहू हन्नाबी. अलिबागजवळच्या खंडाळे गावात त्याच्या रथाचा टापा दाखवतात. लग्न ठरलं, घर घेतलं, मूल बरं झालं, परीक्षेत पास झालं, की आपण मलिदा करतो. पोहे, गूळ, नारळ, वर फळं, आणि एलियाहूचं नाव. आता हफ्तारानंतरचे आशीर्वाद नीट ऐका. एक आधी असतो, चार नंतर. नंतरच्यातला पहिला देवाच्या शब्दाच्या खरेपणाचा, दुसरा सियोनसाठी दयेचा. आणि तिसऱ्यात देवाला विनवतात की तुझा सेवक एलियाहू नबी आणि दाविदाचं राज्य यांनी आम्हाला आनंदित कर. दर शब्बाथला, हफ्तारा कोणतीही असो. पुस्तकं नसताना ज्याचं नाव आपण मलिद्याच्या ताटापाशी धरून ठेवलं, तो सिनेगॉगमध्ये याच जागी उभा होता. मुलगा हे आशीर्वाद म्हणत असताना बायकांच्या बाजूला बसलेल्या आजीला हिब्रूतलं दुसरं काही कळलं नाही तरी ते नाव ऐकू येईल. तिला आधी सांगून ठेवा म्हणजे ती कान देऊन बसेल.

नबींच्या गोष्टी मराठीत सांगायलाही आपण नवखे नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याच लोकांनी कीर्तनं रचली, हरिदासाच्या चालीवर आब्राहाम आणि योसेफ उभे केले, झांजा वाजवल्या. मेतुर्गेमानचंच काम ते, फक्त जास्त सुरेल.

म्हणून अश्दोदच्या आजींना, आणि ज्यांच्या घरी यंदा बार मिट्झ्वा आहे त्या सगळ्यांना माझी विनंती. सिनेगॉगमध्ये मधेच मराठी म्हणायला हझ्झान कदाचित तयार होणार नाही, त्यांच्याशी भांडू नका. पण किद्दूशच्या वेळी, मुलगा टेबलापाशी उभा असताना, घरातल्या कोणीतरी त्याच्या हफ्ताराचा अर्थ मराठीत वाचून दाखवावा. सगळा नको, दहा ओळी पुरे. त्याला मराठी वाचता येत नसेल तर मावशी वाचेल किंवा आजोबा वाचतील. त्याने शेजारी उभं राहावं. चार महिने तो जे घोकत होता त्यात काय होतं हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना त्या दिवशी तरी कळेल. पुष्कळदा मुलालाही तेव्हाच कळतं, हे मी पाहिलं आहे.

तयारीसाठी दोन-तीन गोष्टी. हझ्झानला परशाचं नाव विचारून थांबू नका, हफ्तारा कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत हे विचारा. आपण साधारणपणे सेफार्दी पद्धतीने चालतो. अश्केनाझी सिनेगॉगमध्ये समारंभ असेल तर फरक पडतो. नोहाच्या परशाला आपण यशया ५४च्या दहा ओळी वाचतो, ते पुढे ५५व्या अध्यायात शिरतात. समुद्राच्या परशाला आपण देबोराच्या गाण्यापासून सुरुवात करतो, ते आधी लढाईची गोष्टही वाचतात. मुलाने एक पाठ केली आणि तिथे दुसरी चालू झाली, असं व्हायला नको. वायिश्लाह या परशाला आपल्याकडे ओबद्याचं आख्खं पुस्तक असतं, नेमक्या एकवीस ओळींचं, आणि त्या मुलांची मला नेहमी थोडी दया येते, कारण ते अवघड आहे.

मराठीसाठी बायबल सोसायटीचं भाषांतर इथेही पुष्कळ घरांत सापडतं. पंडिता रमाबाईंचंही आहे. त्यांनी हिब्रू शिकून मूळावरून भाषांतर केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण छापलं गेलं. दोन्ही ख्रिस्ती आहेत, पण नबींची पुस्तकं तीच आहेत. फक्त आकड्यांकडे लक्ष द्या, ते सगळीकडे जुळत नाहीत. पेसाहच्या आधीच्या शब्बाथची हफ्तारा मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातली आहे. तिच्या शेवटी एलियाहू येतो. आपल्या हिब्रू पुस्तकात तो तिसऱ्या अध्यायाच्या २३व्या ओळीत आहे. मराठी बायबलमध्ये तिसऱ्या अध्यायात १८च ओळी आहेत, तेव्हा तिथे शोधत बसू नका. पान उलटा, चौथा अध्याय, पाचवी ओळ.

ज्यांच्या घरी तारीख ठरली आहे त्यांनी परशाचं नाव कळवा, मराठी उतारा काढून द्यायला मी मदत करीन. शब्बाथ शालोम. येते.